जुन्या मॅकवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर चालू करून देतो म्हणून 24,499 रुपये घेतले

लिहू की नको असं आठ दिवस चाललंय, घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण दुसरं कोणी अडकू नये म्हणून लिहितेय.

माझा मॅकबुक प्रो 2012 चा, कॅटालिना या 2019 च्या मॅकओएसच्या पुढे अधिकृतपणे जातच नाही. मे मध्ये हार्ड डिस्क गेली, एसएसडी टाकली आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर परत ॲक्टिव्हेट करायला गेले तर होईना. 2018 ला पैसे मोजून घेतलेलं, क्रॅक नव्हे. कंपनीला मेल केला तर उत्तर, ते व्हर्जन सपोर्टमध्ये नाही, नवीन घ्या. नवीन माझ्या मशीनवर चालत नाही! आमच्या भजनी मंडळाचे नऊ अभंग आषाढीच्या आधी द्यायचे होते, प्रोजेक्ट बॅकअपला होते पण उघडणार कशात? हे नवीन नाही म्हणा, 2002 ला ॲपलने लॉजिक हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बनवणारी एमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं, तेव्हा ते वापरणारे असेच वाऱ्यावर पडले होते.

मग गूगलवर सपोर्टचा नंबर शोधला. माणूस मराठीच बोलला, "ताई काळजी करू नका, जुन्या मॅकसाठी आमच्याकडे स्पेशल बिल्ड आहे." रजिस्ट्रेशन 4,999. एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला आपली स्क्रीन लांबून चालवू देणारं ॲप, घ्यायला लावलं, स्क्रीनवर काहीबाही फिरवलं, मग लाइफटाइम लायसन्स 12,500, मग जीएसटी डिपॉझिट 7,000, ते म्हणे दोन तासात परत येणार.

दुसऱ्या पेमेंटला यूपीआयवर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. मी ते वाचलं. वाचून विचारलंही, तो म्हणाला आमचे ऑथराइज्ड पार्टनर आहेत, आणि मी पिन टाकला. तिथेच फोन ठेवायला हवा होता, रात्री झोपताना अजून ते नाव डोळ्यासमोर येतं. आणि मला कळत नव्हतं असंही नाही, 2019 ला कॅटालिनाने जुनी 32 बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं तेव्हा माझे प्लगिन (रेकॉर्डिंगला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) गेले होते, बनवणाऱ्याने नवीन काढल्याशिवाय बाहेरचा कोणीही काही करू शकत नाही हे मला तेव्हापासून माहीत आहे. पण मंडळाचे रोज फोन येत होते, बायकांनी दोन महिने तालीम केली होती, त्यांना काय तोंड दाखवणार होते मी?

बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. पोलिसांकडे तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा लॅपटॉपचं बिल मागितलं, 2012 चं बिल! तिसऱ्यांदा म्हणाले रक्कम लहान आहे, आणि गाण्याच्या सॉफ्टवेअरला एवढे पैसे कशाला दिलेत. माझ्या शिकवणीची दोन महिन्यांची फी आहे ती, लहान कोणासाठी? वर मला विचारायचं कशाला दिलेत, ज्याने घेतले त्याचा नंबर अजून चालू लागतोय, त्याला विचारा ना!

असं झालं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, मी दुसऱ्या दिवशी केला तोवर पैसे पुढे गेले होते. सपोर्टचा नंबर गूगलवरून कधीच घेऊ नका. चालू मशीन असेल तर आजच प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून वेव्ह (WAV) या साध्या ऑडिओ फाइलमध्ये काढून ठेवा, आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ऑडिओ फाइल्स असतात त्या बघा, माझे सगळे टेक, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, तिथेच होते, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, एक रुपया लागत नाही. हे मला एका विद्यार्थ्याने पैसे गेल्यानंतर चार दिवसांनी दाखवलं. मिक्सिंग सगळं गेलं, आता पहिल्यापासून करतेय. तक्रार अजून "अंडर प्रोसेस" दाखवते, सोमवारी परत जाणार आहे.