गणिताच्या प्रकल्पाला हॉटेल: राहण्याचं की खाण्याचं?

नववी-दहावीच्या वर्गाला 'नवीन हॉटेल काढा, आराखडा आणि अंदाजपत्रक करा' असा प्रकल्प द्यायचं ठरवलं की पहिली अडचण हीच येते. खोल्यांचं हॉटेल द्यायचं की खाण्याचं? मी दोन्ही देऊन पाहिली आहेत. पोरांना विचारलंत तर हात वर होतात ते खाण्यासाठी, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. माझा कल मात्र हळूहळू दुसरीकडे गेला. तुमची शाळा, तुमचं गाव, तुमचा वर्ग वेगळा असेल, तेव्हा माझं सगळं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

खाण्याच्या हॉटेलाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. मुलांना मिसळ माहीत असते, तिचा दर माहीत असतो, मटकी काय भावाने मिळते ते घरी विचारता येतं. वर्गात एखाद्याच्या तरी घरची खानावळ किंवा गाडी असते, आणि एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा तो मुलगा त्या आठवड्यात सगळ्या गटांचा सल्लागार होतो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर किती दिवस पुरतो हे त्याला तोंडपाठ असतं, मला नसतं. गुणोत्तर-प्रमाणाला तर भरपूर वाव. चार माणसांची उसळ शंभर माणसांसाठी करायची; मोड आल्यावर मटकीचं वजन दुपटीच्या वर जातं, मग किलोभर कोरड्या मटकीत प्लेटी किती निघतील?

मग माशी शिंकली कुठे? मेन्यूकार्डात.

पहिल्या तासाला मिसळ, वडापाव, चहा असे तीन पदार्थ ठरतात. पुढच्या तासाला पावभाजी येते. मग कोणीतरी म्हणतं, "सर, पनीर नसेल तर गिऱ्हाईक येईल का?" बघता बघता साउथ इंडियन आणि चायनीजची वेगळी पानं होतात, मुखपृष्ठाला लॅमिनेशन होतं, 'स्वाद' नाव ठेवायचं की 'अन्नपूर्णा' यावरून गटात दोन तट पडतात, आणि गणिताचा श्रीगणेशा अजून व्हायचाच असतो. चाळीस पदार्थ म्हणजे चाळीस पाककृती, प्रत्येकीत दहा-बारा जिन्नस. एवढी मांडणी कोण करणार? मुलं शेजारच्या हॉटेलातला दर उचलतात आणि खर्चाची बाजू त्याला बसेल अशी मागून रचतात. नफा हटकून ३० टक्के येतो.

बरं, एकाच पदार्थावर अडून राहिलं तरी सुटका नाही. मिसळीच्या एका प्लेटला तेल किती, असं मी एका गटाला विचारलं. एकीने १० मिली लिहिलं होतं, दुसऱ्याने ३०. दोघांनी घरी विचारून यायचं ठरलं. तिची आई म्हणाली, "अंदाजानं घालते." त्याची आई म्हणाली, "तवंग दिसेपर्यंत." स्वयंपाकघरात दोन्ही उत्तरं बिनचूक आहेत, पण अंदाजपत्रकात त्यांना रकाना नाही. आणि हा फरक किरकोळही नाही. दिवसाला २०० प्लेटी धरल्या तर २० मिलीच्या फरकाने रोज ४ लिटर तेल इकडचं तिकडे होतं. लिटरला दीडशे रुपये धरले तर महिन्याला १८ हजार. एका गटाचा सगळा नफा-तोटा तिथेच ठरतो, आणि तो आकडा मी कशाशी ताडून बघायचा? पोराचं गणित चुकलं की पळी, हे वही तपासताना कळायला मार्ग नसतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

खोल्यांच्या हॉटेलात विकायची वस्तू एकच असते: एका खोलीची एक रात्र. तिची यादी वाढत नाही. वर्गात आम्ही साधारण असं धरतो. दहा खोल्या, जिना-व्हरांडा-ऑफिस धरून खोलीमागे ४०० चौरस फूट, म्हणजे ४,००० चौरस फूट बांधकाम. फुटाला २,२०० रुपये धरले की ८८ लाख. खाटा, गाद्या, पंखे, गीझर वगैरे खोलीमागे १ लाख २० हजार, म्हणजे १२ लाख. एकूण बरोबर १ कोटी. जमीन आजोबांची. (जमिनीचा भाव मध्ये आणलात की प्रकल्प तिथेच संपतो.) ३० लाख घरचे, ७० लाख कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं: हप्ता सुमारे ९२,५०० रुपये. त्यात पगार ४५,००० आणि देखभाल, वीज, इंटरनेट मिळून २०,००० घाला. महिन्याला १,५७,५००, म्हणजे वर्षाला १८ लाख ९० हजार. खोलीत कोणी राहो न राहो, एवढे जाणारच.

आता खोलीचं भाडं २,००० आणि धुलाई, साबण, नाश्ता, कमिशन धरून रात्रीमागे खर्च ५००. हाती उरतात १,५००. १८,९०,००० भागिले १,५०० म्हणजे १,२६०. वर्षात विकायला रात्री आहेत ३,६५०. म्हणजे साडेचौतीस टक्के भरलं की हॉटेल तरलं. इथपर्यंत मुलं एका तासात येतात आणि वर्गात आनंदीआनंद होतो, कारण साडेचौतीस टक्के म्हणजे काठावर पास होण्यापेक्षाही कमी.

खरी गंमत पुढे आहे. हॉटेल मालवणचं धरा. सुट्ट्यांचे ६० दिवस ९० टक्के भरतं. उरलेल्यातले शनिवार-रविवार असे ६० दिवस ६० टक्के. मधले १२५ दिवस १५ टक्के. पावसाळ्याचे १२० दिवस, जेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद असतात, १० टक्के. बहुतेक गट ९०, ६०, १५, १० यांची बेरीज करून चाराने भागतात. उत्तर येतं ४३.७५ टक्के. नफा! मग दिवसांचा भार देऊन, म्हणजे दिवस गुणिले दहा खोल्या गुणिले टक्के असं करायला सांगायचं: ५४० अधिक ३६० अधिक १८७.५ अधिक १२०, एकूण १,२०७.५ रात्री. टक्केवारी ३३ च्या आसपास. हॉटेल तोट्यात, तेही जेमतेम पन्नास-बावन्न रात्रींनी. टक्क्यांची सरासरी अशी काढायची नसते, हे सांख्यिकीच्या धड्यात सांगून जेवढं पटत नाही तेवढं इथे आपसूक पटतं.

भाडं वाढवून बघू, असं कोणीतरी म्हणतंच. म्हणू द्या. दर १०० रुपये वाढीमागे वर्षात ५० रात्री कमी होतील असं धरा, सोयीसाठी सुरुवात १,२०० रात्रींपासून करा, शंभराच्या किती वाढी केल्या ते x माना, आणि (१५०० + १००x)(१२०० − ५०x) फळ्यावर लिहा. २,४०० भाडं ठेवलं तर हाती १,९०० गुणिले १,०००, म्हणजे १९ लाख. २,५०० ठेवलं तर २,००० गुणिले ९५०, पुन्हा १९ लाख. दोन वेगवेगळ्या भाड्यांना उत्तर एकच कसं, म्हणून दोन्ही गट एकमेकांची वही ओढून बघतात. मग मधलं २,४५० कोणीतरी करून बघतं आणि १,२५० रुपये जास्त निघतात. दहावीत वर्गसमीकरणं असतात, पण त्यांचा आलेख वर जाऊन खाली वळतो हे मुलांनी असं हाताने केलेलं असलं की पुढे अकरावीत बरं पडतं.

जीएसटीही इथे जास्त कामाचा वाटतो. खाण्याच्या हॉटेलात सगळीकडे ५ टक्के लावून मोकळं व्हायचं. खोल्यांना मात्र पायरी आहे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८. म्हणजे ७,५०० च्या खोलीचे पाहुणा ७,८७५ देणार आणि ७,६०० च्या खोलीचे ८,९६८. मालकाने शंभर वाढवले, पाहुण्याचे हजारावर गेले. दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजनाचं प्रकरण आहे, पण पुस्तक २०१८ चं असल्याने त्यातले दर जुने आहेत. नवे दर फळ्यावर लिहून द्यावे लागतात.

या हॉटेलाच्या अडचणी नाहीत असं नाही. खेड्यातल्या शाळेत कित्येक मुलं कधी हॉटेलच्या खोलीत राहिलेलीच नसतात, त्यामुळे आलेखकागदावरच्या पहिल्या आराखड्यात संडास-बाथरूम नसतं, भिंतींना जाडी नसते आणि दार उघडलं की खाटेवर आपटतं. क्षेत्रफळाच्या दृष्टीने हा तोटाही नाही म्हणा. कोटीतल्या शून्यांनी काहीजण बिचकतात. त्यांना सगळे आकडे लाखात मांडू द्यावेत. आणि प्रकल्पाच्या वहीवर 'लॉज' लिहू नका, 'पर्यटक निवास' लिहा. पालकसभेत बरं पडतं.

गट वेगवेगळ्या गावांना वाटून देता येतात, हे आणखी एक सुख. खर्चाची बाजू सगळ्यांची तीच, फक्त दिवसांचे भार बदलायचे. मालवणला मे आणि दिवाळी-नाताळ, महाबळेश्वरला उन्हाळा, शिर्डीला गुरुवार आणि जोडून सुट्ट्या. पंढरपूरच्या गटाने एकदा आषाढीला १५० टक्के लिहिलं होतं. गर्दी लाखांची असली तरी खोल्या दहाच, आणि वारकरी बहुतेक मठात, धर्मशाळेत, राहुट्यांत उतरतो, हे त्यांच्यातल्याच एकीने, जिचे आजोबा दरसाल वारीला जातात, सांगितलं. मग आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री यांचे दिवस मोजून, बाकी वर्ष एकादशी आणि रविवारवर कसं चालतं याचा त्यांनी पुन्हा तक्ता केला. पदार्थांच्या यादीतून असा वाद मी तरी निघालेला पाहिला नाही.

तरीही सातवी-आठवीचा वर्ग असेल, किंवा हाताशी चार-सहाच तास असतील, तर खाण्याचंच द्या. कर्ज, हप्ता, भारित सरासरी एवढं सगळं त्या वयात झेपत नाही, आणि मुलांचा उत्साहही खाण्याच्या हॉटेलातच जास्त. फक्त हॉटेल नको, वडापावची गाडी द्या; पदार्थ एक, दर एक, नावाला पाच मिनिटं. आणि तेलाचा आकडा तुम्हीच फळ्यावर लिहून द्या.