पेठेत राहावं की कळंब्याला?

पुण्यातली नोकरी घरून करायची मुभा मिळाली म्हणून मावसभाऊ सहकुटुंब कोल्हापूरला यायचं म्हणतोय. जुन्या शहरातल्या शिवाजी पेठेत भाड्यानं घर घ्यावं की शहराच्या कडेच्या कळंब्याकडं, यावर त्याचं अडलंय. त्याला माझं सांगणं असं.

भाडं दोन्हीकडं पुण्यापेक्षा हलकंच. पण त्याच पैशात पेठेत जुन्या घराचा वरचा मजला मिळेल, कळंब्याकडं लिफ्ट-पार्किंगसह फ्लॅट. चारचाकी असेल तर पेठेतल्या बोळात रोज रात्री जागा शोधत फिरायची तयारी ठेव.

येण्याजाण्याचं उलटं आहे. पेठेतून रंकाळा, महाद्वार रोड चालत. संध्याकाळी गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायला गाडी काढावी लागत नाही. कळंब्याहून प्रत्येक कामाला किल्ली शोधायची.

शेजार हा खरा फरक. पेठेत आठवड्यात अख्ख्या गल्लीला तुझा पगार माहीत होईल, आणि वहिनी आजारी पडली तर डबाही न मागता येईल. तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, संघानं फुटबॉल सामना जिंकला की झोप विसर. गणपतीत तर विचारूच नकोस. दिवसभर मीटिंगा असणाऱ्याला हे झेपत नाही.

कुठंही घर बघ, पण 2019 आणि 2021 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते एजंटाला नको, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचार. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही पंचगंगेची धोका पातळी. दुधाळी, शाहूपुरीच्या सखल भागातल्यांना ती पाठ असते.

आईवडील सोबत येणार असतील तर पेठ. दोघंच, लॅपटॉप आणि गाडी असेल तर कळंबा.