‘स्टेरॉइडमुक्त’ मलमाची डबी

माझ्या लेकीला लहानपणापासून एक्झिमा आहे, म्हणजे कातडीवर खाजरे लाल चट्टे उठण्याचा आजार. कोपराच्या खळगीत, गुडघ्यामागे, कधी मानेवर. रात्री झोपेत इतकी खाजवायची की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइडची ट्यूब दिली होती, पण त्या शब्दाचीच मला धास्ती. ट्यूब सील न तोडता कपाटात गेली. जाहिरातीतल्या एका मलमवाल्याने नेमकी ही धास्ती हेरली.

‘शंभर टक्के वनस्पतीजन्य, स्टेरॉइडमुक्त, मुळापासून बरं.’ कुरियरने डबी आली. हिरवट मलम, कापराचा उग्र वास. डबीवर ना घटक, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता. मी म्हटलं, घरगुती असेल. दुसऱ्या दिवशी लाली उतरली, आठवड्यात कातडी गुळगुळीत! मी हरखून त्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटोही पाठवले.

मलम थांबवलं की चार दिवसांत चट्टे दुप्पट होऊन परत यायचे, आधी नव्हते तिथेही. त्याचं उत्तर तयार असायचं: “आतली उष्णता बाहेर पडतेय ताई, दिवसातून तीनदा लावा.” मी लावलं. पाच महिने. मग एकदा तिचे केस विंचरताना दिसलं, कोपराजवळची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, खालच्या बारीक शिरा मोजता येतील अशी.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “फरक किती दिवसांत पडला?” मी (अजूनही कौतुकानेच!) म्हटलं, “दोन दिवसांत.” त्यांनी डबी तपासणीला पाठवायला सांगितली. मलमात निघालं क्लोबेटासोल. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल गटातलं. डॉक्टरसुद्धा ते सहसा सलग २ आठवड्यांपेक्षा जास्त देत नाहीत. फार दिवस लावलं तर ते रक्तात उतरून शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (शरीराला लागणारं नैसर्गिक स्टेरॉइड) बनणं मंदावू शकतं. म्हणूनच कोणी अशा मलमात अडकलं असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. आमचंही टप्प्याटप्प्याने उतरवलं.

आता गंमत बघा, उपचारात पुन्हा स्टेरॉइडच आहे, कपाटातलं तेच सौम्य. फक्त मोजून: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकं मलम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, चट्टे नसले तरी रोज. एक्झिमा गेलेला नाही. मधूनच उसळतो, मग शांत होतो. ‘मुळापासून’ हा शब्द डॉक्टरांनी एकदाही वापरला नाही.

मलमवाल्याला जाब विचारला तर त्याने ब्लॉक केलं. मी पाठवलेले फोटो मात्र तो अजून जाहिरातीत फिरवतो. ‘नंतर’च्या फोटोत कोपराशेजारी एक तीळ दिसतो. तो हात माझ्या लेकीचा आहे.