कागद खरे, जमीन दुसरीच : डोंगराकडच्या प्लॉटचा आमचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या दक्षिणेला, सातारा-देवळाईच्याही पुढे डोंगराच्या पायथ्याला प्लॉट बघत असाल, तर टोकन देण्याआधी एवढं वाचा. 'कागदपत्रं तपासून घ्या' हा सल्ला सगळेच देतात. आम्हीही तपासली होती. एनए (बिगरशेती) ऑर्डर खरी होती, सातबारा खरा होता, त्यावरचं मालकाचं नावही खरं होतं. फक्त ते कागद ज्या जमिनीचे होते, ती जमीन आम्हाला कधी दाखवलीच नव्हती.

आम्ही देवळाईत भाड्यानं राहतो. मिस्टर वाळूजला कंपनीत, मी घरी ब्लाऊज शिवते. शहरात दोन खोल्यांना जे भाडं पडतं, त्यात इथं हॉल, किचन आणि मोकळं अंगण मिळालं. २०१५ च्या सुमारास हा भाग महापालिकेत आला, पण पाणी अजून टँकरचंच. बोअर घ्यावी तर खाली काळा पाषाण. लागलं तर लागलं, नाहीतर पैसे मातीत. ड्रेनेजचं तर विचारूच नका. तरी श्रावणात डोंगर हिरवागार होतो, उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर गार वारा येतो, आणि चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाला पायी जाता येतं. लेकरं रमली. भाड्याचं घर सोडून इथंच आपलं काहीतरी करावं असं वाटणं साहजिक होतं, आणि नेमक्या असल्याच लोकांवर या मंडळींची नजर असते.

एजंट माझ्या माहेरच्या गावचा. मला अक्का म्हणायचा, मिस्टरांना दाजी. घरी यायचा तर लेकरांना बिस्किटपुडा घेऊनच. "अक्का, तुमच्यासाठी म्हणून कॉर्नरचा ठेवलाय. बाकीच्याला नऊशे, तुम्हाला सातशे." तीस बाय चाळीसचा प्लॉट, म्हणजे बाराशे फूट, आठ लाख चाळीस हजार. देवळाईत मंजूर लेआउटमध्ये तेव्हा याच्या दुपटीनंही मिळत नव्हता. पाच लाख आधी द्यायचे, उरलेले हप्त्यानं. व्याज नाही.

साइट छान सजवली होती. मुरूम टाकलेला वीस फुटी रस्ता, चुन्याच्या रेघा, प्रत्येक कोपऱ्यावर पांढरा रंग दिलेला दगड आणि त्यावर लाल रंगात प्लॉट नंबर. तोंडाशी लोखंडी कमान. मागे डोंगर इतका जवळ की हात लावावा. रविवारी गाड्या भरून माणसं यायची, झाडाखाली पोहे-चहा, सोडतीत चांदीचं नाणं. फायलीत झेरॉक्स होत्या: एनए ऑर्डर, लेआउटचा नकाशा, सातबारा, आणि मालकाच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र. मिस्टरांच्या कंपनीतल्या एकाचा भाचा तहसीलला आहे. त्यानं ऑर्डरचा क्रमांक बघून सांगितलं, ऑर्डर अस्सल आहे. आता यापुढे माणसानं काय करायचं?

रजिस्ट्रीचा विषय काढला की तो म्हणायचा, "अक्का, सध्या तुकडेबंदीमुळं रजिस्ट्री बंद हाय. सुरू झाली की पहिली तुमची. तोवर बाँड करून घेऊ, नोटरीसकट. नोटरी म्हणजे सरकारीच असतंय."

इथं थांबा, कारण सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. शेतजमिनीचे ठरावीक प्रमाणाहून लहान तुकडे विकता येऊ नयेत, हा त्याचा हेतू. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागानं परिपत्रक काढलं आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या रजिस्ट्र्या अडल्या. त्यावर आपल्याच औरंगाबाद खंडपीठात प्रकरण गेलं आणि मे २०२२ मध्ये ते परिपत्रक रद्द झालं. तरी दुय्यम निबंधक कार्यालयात गोंधळ चालूच राहिला. म्हणजे 'रजिस्ट्री बंद आहे' ही निव्वळ थाप नव्हती, पेपरात रोज तेच येत होतं. पण ही अडचण होती शेतजमिनीच्या तुकड्यांना. जिचं एनए झालंय, जिचा लेआउट मंजूर आहे, त्यातल्या प्लॉटच्या रजिस्ट्रीला तुकडेबंदी आड येत नाही. त्या परिपत्रकातही मंजूर लेआउटला सूट होती. मग एकाच तोंडानं 'प्लॉट एनए आहे' आणि 'तुकडेबंदीमुळं रजिस्ट्री होत नाही' असं कोणी म्हणत असेल, तर त्यातलं एक खोटं आहे. कोणतं, ते त्यालाच विचारा आणि तो काय उत्तर देतो ते बघा.

बाँड माझ्यापुढे आहे. शंभराचा स्टँपपेपर, त्यावर आमचे फोटो, अंगठे, नोटरीचा लाल गोल शिक्का, बाजूला तिकिटं. 'लिहून देणार' म्हणून सही एजंटची, मालकाचा कुलमुखत्यार या नात्यानं. मूळ मुखत्यारपत्र विचारलं तेव्हा ते वकिलाकडे होतं, नंतर बँकेत होतं, नंतर गावाकडे. सगळा मजकूर संगणकावर छापलेला, पण गट नंबरच्या जागी रिकामी रेघ आणि तिच्यावर निळ्या पेनानं भरलेला आकडा. खाली चतुःसीमा. पूर्वेस प्लॉट, पश्चिमेस वीस फुटी रस्ता, उत्तरेस प्लॉट, आणि दक्षिणेस नुसतं 'डोंगर'. शेजारचा गट कोणता, त्याचा मालक कोण, काही नाही. डोंगर.

बोभाटा पावसाळ्यात झाला. आमच्या प्लॉटवर एक जोडपं जेसीबी घेऊन पाया खणायला आलं. कन्नड तालुक्यातले, नवरा रिक्षा चालवतो. त्यांच्याकडेही बाँड. तोच प्लॉट नंबर, तोच निळ्या पेनाचा आकडा, तोच डोंगर. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही कोणाच्या जागेवर उभ्या आहात?" खरं तर दोघींचंही तेच चाललं होतं.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. मोजणीचा अर्ज आम्हाला करता येत नव्हता, कारण सातबाऱ्यावर आमचं नावच नाही. म्हणून काकांनी महाभूनकाशाच्या साइटवर गावाचा नकाशा काढला, प्रिंट घेतली आणि आम्हाला घेऊन साइटवर आले. नाला, जुनी विहीर आणि गावाकडे जाणारी पाणंद या तीन खुणा त्यांनी नकाशात आणि जमिनीवर जुळवल्या. विहिरीच्या थारोळ्याशी उभं राहून म्हणाले, "बाई, तुमच्या बाँडवरचा गट इथं संपला." बोट दाखवलं ते कमानीच्याही अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून असलेल्या वसाहतीकडे. तिथं बांधलेली घरं होती, कुंपणं होती. एनए ऑर्डर त्या वसाहतीची. तिथले सगळे प्लॉट केव्हाच विकले गेलेले, रजिस्ट्रीसकट. आम्हाला दाखवलेली जमीन नाल्यापलीकडच्या पुढच्या गटात. ब्लाऊज शिवायला एक कापड पसंत करून घ्यावं आणि शिवताना दुसरंच लावावं, तसं.

मग त्या पुढच्या गटाचा सातबारा काढला. महाभूलेखवर फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. वर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन. 'इतर अधिकार' या रकान्यात मदतमाश इनाम, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरणास मनाई.

मराठवाड्याबाहेरून आलेल्यांना हे माहीत नसतं, म्हणून सांगते. निजामाच्या राज्यात कोणाला चरितार्थासाठी, कोणाला देवळा-दर्ग्याच्या सेवेसाठी इनाम जमिनी दिल्या जात. चरितार्थाची ती मदतमाश, सेवेची ती खिदमतमाश. पुढे १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानं मदतमाशसारखी इनामं गेली, पण त्या जमिनींवरच्या विक्रीच्या अटी राहिल्या. परवानगी घेतल्याशिवाय, नजराणा म्हणजे सरकारी रक्कम भरल्याशिवाय त्या विकता येत नाहीत. कुळाच्या जमिनी, गायरान, वनजमीन यांचे प्रश्न आणखी वेगळे. आपल्या शहराभोवती, विशेषतः डोंगराच्या कडेनं, असल्या जमिनी बऱ्याच आहेत आणि त्या स्वस्त मिळायचं मुख्य कारण तेच आहे. वर्ग १ की वर्ग २, हा सातबाऱ्यावरचा पहिला प्रश्न. 'इतर अधिकार' हा दुसरा. मालकाचं नाव त्यानंतर.

एजंटला गाठलं तेव्हा त्याचा चेहरा जराही उतरला नाही. "अक्का, कशाला टेन्शन घेता? गुंठेवारीत बसवून टाकू." मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट नियमित करायचा हा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. आमचा प्लॉट त्यानंतर पाडलेला, त्यावर वीटही नाही, जमीन वर्ग दोनची. कशात बसवणार? मग म्हणाला, "झालरमधी हाय, उद्या यलो झोन होणार." यलो झोन म्हणजे रहिवासी झोन. शहराभोवतीच्या २८ गावांचं झालर क्षेत्र केलं होतं आणि आराखड्यासाठी सिडकोला नेमलं होतं, हे खरं आहे. त्यामुळे झालर, झोन, आराखडा हे शब्द इकडे प्रत्येक एजंटच्या तोंडी असतात. पण झोन बदलला म्हणून इनामाची अट उठत नाही आणि दुसऱ्याची जमीन आपली होत नाही. आता तुकडेबंदी सैल होतेय म्हणून हेच लोक जुन्या बाँडवाल्यांना फोन करून 'नियमित करून देतो' म्हणत आणखी पैसे मागत आहेत. देऊ नका.

नोटरीबद्दलही एक गैरसमज आहे. सही कोणी केली एवढ्याचीच नोटरी साक्ष देतो. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत नोंदवावंच लागतं, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. मुखत्यारपत्र आणि साठेखताच्या (पुढे विकण्याच्या कराराच्या) जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. जागेचा ताबा दिला असं लिहिलेल्या ताबा पावतीला ताब्यापुरतीसुद्धा किंमत नाही, कारण आमच्या आणि रिक्षावाल्या भाऊंच्या, दोघांच्याही हातात ताबा पावती होती.

आणखी एक गोष्ट कोणी आम्हाला सांगितली नव्हती. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला २०१७ पासून महारेराची, म्हणजे बिल्डर-प्लॉटवाल्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि जाहिरातीत तो क्रमांक द्यावा लागतो. शिवाय नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्या पत्रकावर डोंगर होता, सूर्योदय होता, मोर होता. क्रमांक नव्हता.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून वाटेला लावलं. एकेकट्यानं गेलं की तेच होतं. मग रिक्षावाल्या भाऊंनी साइटवर दर रविवारी उभं राहून बाँडवाले जमा केले. सगळ्यांचे बाँड शेजारी शेजारी ठेवले तर एकेक प्लॉट दोघा-तिघांना विकलेला, आणि निळा आकडा सगळीकडे तोच. तो गठ्ठा घेऊन एकत्र आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तेव्हा अर्ज घेतला गेला, जबाब सुरू झाले. तिथं सर्वात कामाला काय आलं म्हणाल, तर बाँड नाही, बँकेचं स्टेटमेंट. रोख मागत असताना मिस्टर अडून बसले होते आणि निम्मे पैसे खात्यावरून दिले होते. खातं एजंटच्या बायकोचं निघालं. ज्यांनी सगळं रोख दिलं, त्यांच्याकडे पावतीवरची एक वेडीवाकडी सही आहे फक्त.

माहेरी जायची पंचाईत झाली आहे ती वेगळीच. त्याची आई माझ्या आईला देवळात भेटते आणि 'तुमच्या पोरीनं माझ्या लेकाला पोलिसात दिलं' म्हणते. आई आता दुसऱ्या वेळेला देवळात जाते.

ज्यांचे बाँड जुने आहेत त्यांच्यासाठी शेवटचं. पैसे परत मागायच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि एजंट 'होऊन जाईल' म्हणत ती मुदत खाऊन टाकतो. पोलिसांत अर्ज दिला म्हणून दिवाणी कोर्टातली मुदत थांबत नाही, हे आमच्या वकीलबाईंनी सांगितलं. आमच्यातल्या एका कुटुंबाची मुदत दिवाळीनंतर संपत होती, त्यांचा दावा आधी दाखल केला. आमचा त्याच्या पाठोपाठ गेला.