मे महिन्यात घेतलेली 'वॉटरप्रूफ' बॅग

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि सही केलेला क्लेमचा फॉर्म घेऊन मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात सायकलने चेंबूरहून परळला निघाले. आमचा मेडिक्लेम माझ्या ऑफिसमार्फत आहे, त्यामुळे कागद तिथेच द्यायचे होते. एरवी मी कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालते. त्या दिवशी ते साध्या खाकी पाकिटात होते, कारण सायकलच्या कॅरिअरला अडकवलेल्या ज्या बॅगेत ते ठेवले तिच्यावर '100% वॉटरप्रूफ' असं ठसठशीत छापलेलं होतं आणि मी त्यावर विसंबले.

सायनपर्यंत रिमझिम होती. गांधी मार्केटपाशी पावसाने जोर धरला, आणि दादर टीटी ओलांडल्यावर तर पुढची बेस्टची बसही नीट दिसेना. हिंदमाताला पाणी घोट्याच्या वर आलं होतं, म्हणून उतरून सायकल हाताने ढकलत नेली. ऑफिसात पोचून बॅग उघडली तर तळाशी दोन बोटं पाणी. आत शिरलेलं पाणी बाहेर जायला वाटच नव्हती, कारण कापड खरोखरच पाणी आरपार जाऊ न देणारं होतं. पाकिटाचा लगदा झाला होता. हॉस्पिटलचा निळा शिक्का पसरून अर्ध्या पानावर उतरला होता आणि बिलावरचे आकडे एकमेकांत मिसळले होते. लॅपटॉप आदल्या दिवशी ऑफिसातच राहिला होता, म्हणून वाचला.

दुसऱ्या प्रतींसाठी हॉस्पिटलच्या तीन खेपा झाल्या. डोळ्याला पट्टी असलेल्या बाबांना एकदा सहीसाठी सोबत न्यावं लागलं. ते एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. हे सगळं लिहितेय ते तेवढ्यासाठी. पावसाळ्यात सायकलने कामावर जाणारे आता बरेच आहेत, आणि पुढच्या मे महिन्यात हीच जाहिरात त्यांच्याही फोनवर येणार आहे.

जाहिरातीत एक माणूस बॅगेवर बादलीभर पाणी ओततो आणि आतून कोरडा टिश्यू पेपर काढून दाखवतो. 5,999 वर काट मारलेली, खाली 1,899. 'वेल्डेड सीम', 'आयपीएक्स 7', 'सात दिवसांत रिटर्न'. मी यूपीआयने पैसे भरले आणि 14 मेला बॅग आली. कॅरिअरवर हुक घट्ट बसले, बकल चांगले वाटले, शिवण कुठेच दिसेना. 21 मेला रिटर्नची मुदत संपली. मुंबईत मॉन्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. म्हणजे पाऊस पडायच्या आत परत करायची वेळ निघून गेलेली असते, आणि धंदा याच हिशेबावर उभा आहे असं माझं ठाम मत झालंय.

ओली बॅग वाळवून मी स्टेशनजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी ती उलटी केली आणि कोपऱ्यातल्या काळ्या चकचकीत पट्टीखाली नख घातलं. पट्टी केळीच्या सालीसारखी सोलून आली. "ताई, हे वेल्डिंग नाही. मशीनवर शिवलंय आणि वरून टेप मारलाय." मग त्यांनी कापड दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरलं. सुईच्या भोकांची सरळ रांग, प्रत्येक भोकातून उजेडाचा एक ठिपका. इतक्या वेळा हाताळलेल्या बॅगेत ही रांग होती आणि मला कधीच दिसली नव्हती. हुक ज्या स्क्रूने मागच्या बाजूला बसवले होते, तिथेही आतून रबराचा वॉशर नव्हता.

वेल्ड केलेल्या बॅगेत कापडाचे दोन तुकडे उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडतात, म्हणजे भोकंच पडत नाहीत. शिवलेल्या बॅगेवर टेप मारलेला असला तर तो चांगल्या प्रतीचा असेपर्यंत चालतो, पण वळणावर आणि कोपऱ्यात तोच आधी सुटतो. शिवाय सायकलच्या बॅगेला फक्त वरून पाणी लागत नाही. मागचं चाक रस्त्यावरचं पाणी खालून जोरात उडवतं, ते थेट तळाच्या शिवणीवर बसतं, आणि मडगार्ड आखूड असेल तर अख्खा प्रवासभर. जाहिरातीतली बादली वरून ओतलेली होती. रोल-टॉपची, म्हणजे गुंडाळून बंद करायच्या तोंडाची, घडी घातलेली असली की वरून पाणी शिरत नाहीच.

आकड्यांचाही खेळ आहे. 'आयपी'चं मानक मुळात विजेच्या उपकरणांच्या आवरणांसाठी आहे. आयपीएक्स 4 म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सहन करणं, आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडून राहणं. गंमत नाही, खरंच एक मीटर. शिवलेली आणि वर रोल-टॉप असलेली पिशवी त्यात टिकेल असं मला वाटत नाही. तरी हा आकडा चाचणीच्या कागदाशिवाय कोणीही छापतो. '10,000 मिमी' असंही लिहितात. ते कापड किती उंच पाण्याचा दाब सहन करतं याचं माप आहे. ते कापडाबद्दल खरं असेलही, पण शिवणीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. माझ्या बॅगेचं कापड चांगलंच होतं, ते वर लिहिलंय.

विक्रेत्याला मी फोटो आणि व्हिडिओ पाठवले. आधी उत्तर आलं की घडी तीनदा घातली नसणार. मी तीनदाच घातली होती. मग 'रेनकव्हर वेगळं घ्या'. मग पुढच्या खरेदीवर 30 टक्क्यांचं कूपन. चौथ्या दिवशी त्या नंबरवरून उत्तर येणं बंद झालं. त्यानंतर दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून 'रिफंड विभागा'चा माणूस बोलला आणि पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणाला. इथे मात्र मी थांबले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे ज्याला त्याला सांगा, विशेषतः घरातल्या मोठ्यांना. असे पैसे गेलेच तर लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2020 मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो. रिटर्नचे 'सात दिवस झाले' असं धरून मी गप्प बसले, तेव्हा बसायला नको होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, मी उशिरा फोन केला. तक्रार नोंदवली गेली, पण विक्रेत्याचा पूर्ण पत्ता बॅगेच्या पार्सलवर नव्हताच, आणि मी पैसे भरण्याआधी तो शोधलाही नव्हता. माझे 1,899 अजून परत आलेले नाहीत.

आता नवीन बॅग आली की मी ती पहिल्याच रात्री तपासते. दिवा मालवून आत मोबाइलची बॅटरी लावते आणि शिवणींवरून नजर फिरवते. मग रिकामीच तोंडाला तीनदा गुंडाळून दाबते. हवेचा फुसफुस आवाज आला तर तिथून पाणीही येणार. शेवटी आत वर्तमानपत्राचे बोळे भरते आणि बाथरूममध्ये हँडशॉवरने दहा मिनिटं खालून आणि मागच्या हुकांवर पाणी मारते. हे सगळं व्हिडिओवर घेते, तारीख दिसेल असं. कागद आणि लॅपटॉप मात्र बॅग पास झाली तरी आत वेगळ्या झिपच्या प्लास्टिक पिशवीतच जातात.

ऑफिसात आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने मागच्या आठवड्यात अशीच बॅग मागवली, तेच 1,899 आणि तीच बादली. त्याला म्हटलं, "उद्या बॅग घेऊन ये, आपण बघू." ऑफिसच्या पॅन्ट्रीत नळाखाली तळ धरला. चौथ्या मिनिटाला आतला पेपर एका कोपऱ्यात काळा पडला. त्याच्या रिटर्नला अजून दोन दिवस बाकी होते. त्याने तिथेच उभं राहून व्हिडिओ पाठवला आणि संध्याकाळी बॅग कुरिअरला दिली.