मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल: नवी मुंबईत तीन ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल वापरलेल्या स्थितीत विकत घेतली. रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी आहे. ही केवळ आनंदासाठी घेतलेली. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू सीवूड्समध्ये तिच्यासोबत काढून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. अशा गाड्यांच्या वेगाविषयी आणि ताकदीविषयी वाचायला पुष्कळ मिळते, परंतु छत उघडणारी गाडी आपल्या हवेत सांभाळायची कशी, यावर फारसे कोणी लिहीत नाही. गाडी उभी कुठे राहणार आणि दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर पडणार, या दोन गोष्टी इंजिनाच्या आधी ठरवाव्यात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आपल्याकडे लहान कन्व्हर्टिबलचे पर्याय नेहमीच मोजके राहिले. गोव्यात तयार होणारी दोन आसनी सॅन स्टॉर्म हा एक धाडसी भारतीय प्रयत्न होता आणि त्याबद्दल मला आजही आदर वाटतो, पण ती आता सहज मिळत नाही. १९८९ पासून जगभर नावाजलेली माझदा एमएक्स-५ येथे अधिकृतपणे विक्रीला आलीच नाही. त्यामुळे आमचा विचार तीन गाड्यांभोवती फिरत होता: २०१४ च्या अखेरीस आलेली ऑडी ए३ कॅब्रिओले, २०१६ मध्ये आलेली मिनीची ही पिढी आणि २०२० ची कापडी छताची महिंद्रा थार. ए३ ची डिकी ३२० लिटरची, म्हणजे मिनीच्या २१५ लिटरपेक्षा बरीच मोठी आहे. वारंवार मुक्कामी जाणाऱ्या जोडप्याने तिचाच विचार आधी करावा. थारचे छत हाताने सोडून गुंडाळावे लागते, परंतु कच्च्या रस्त्यांची आवड असणाऱ्यासाठी तिच्या उंचीला तोड नाही. आमच्या स्टिल्ट पार्किंगमधील जागा अरुंद असून शेजारी खांब आहे, आणि त्या जागेत चार मीटरपेक्षा लहान असलेली मिनी दरवाजे नीट उघडता येतील इतकी जागा सोडून उभी राहते. निर्णय प्रामुख्याने त्यावर झाला.

छत बटणावर १८ सेकंदांत उघडते आणि ताशी ३० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही उघडता किंवा मिटता येते. सिग्नल सुटण्याच्या बेतात असताना याचा खरा उपयोग कळतो. त्याहूनही मला आवडलेली सोय म्हणजे छत पूर्ण न उघडता पुढचा सुमारे ४० सेंटिमीटर भाग मागे सरकवून ते सनरूफसारखे वापरता येते. एप्रिलच्या सकाळी नऊनंतर किंवा रस्त्यावर धूळ असताना आम्ही एवढेच उघडतो.

पाम बीच रोड हा या गाडीचा हक्काचा रस्ता आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास वाशीहून बेलापूरकडे निघाले की डाव्या-उजव्या बाजूचे आवाज, खाडीवरचा गारवा, सीवूड्सच्या पाणथळ जागेजवळचे पक्षी, हे सगळे काचेआडून कधीच जाणवले नव्हते इतके जवळ येते. ओहोटीच्या वेळी खारफुटीच्या चिखलाचा वासही तितकाच जवळ येतो; मला तो आवडतो, माझ्या पत्नीला आवडत नाही. बाजूच्या काचा वर ठेवल्या तर ताशी ७०-८० किलोमीटरपर्यंत पुढच्या दोघांना आवाज न चढवता बोलता येते. मागे बसणाऱ्यांना मात्र वाऱ्याचा झोत थेट लागतो, आणि तो अडवणारी जाळी मागच्या आसनांवरच बसवावी लागत असल्याने एक तर जाळी बसते किंवा माणसे. ओढणी किंवा सैल स्कार्फ घेऊन उघड्या गाडीत बसू नये, हे पाहुण्यांना आम्ही निघण्यापूर्वी आवर्जून सांगतो.

अटल सेतूवर एकदा छत उघडे ठेवून जाऊन पाहावे, पण पूर्ण २१.८ किलोमीटर उघड्यावर जाण्यात मला फारसे सुख वाटले नाही. तेथे गाड्या ताशी १०० च्या मर्यादेजवळ धावतात, आडवा वारा असतो आणि बोलणे थांबते. ठाणे-बेलापूर रस्ता आणि उरणकडे जाणारा कंटेनर ट्रेलरांचा रस्ता, येथे तर छत मिटलेलेच बरे, कारण लहान गाडीत आपण नेमके ट्रेलरच्या चाकांच्या उंचीवर बसलेलो असतो.

छत काढले की गाडीच्या सांगाड्याचा ताठरपणा कमी होतो. तो भरून काढण्यासाठी दरवाज्यांखालचा भाग आणि पुढच्या काचेची चौकट मजबूत करावी लागते, आणि म्हणूनच कन्व्हर्टिबल तिच्याच बंद छताच्या आवृत्तीपेक्षा जड असते. खराब रस्त्यावर पुढच्या काचेच्या चौकटीत बारीक थरथर जाणवणे हा या प्रकारच्या गाड्यांचा स्वभाव आहे. हवा गेल्यावरही काही अंतर चालणाऱ्या रनफ्लॅट टायरांमुळे खड्डे अधिक कडक लागतात. दोन लिटरचे १९२ अश्वशक्तीचे इंजिन आणि अचूक स्टीअरिंग यांचा आनंद कर्नाळ्यापुढच्या वळणांवर मिळतो. शहरात त्याची गरजच पडत नाही.

पावसाळ्याविषयी सविस्तर लिहायला हवे. चांगल्या स्थितीतले कापडी छत गळत नाही, मुसळधार पावसातही आमच्या आसनांवर थेंब आला नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. छताच्या कडेने वाहणारे पाणी ठरावीक नळ्यांतून खाली जाते, आणि त्या नळ्यांच्या तोंडाशी पाने साचली की पाणी आत उतरून गालिच्याखाली मुरते. नेरूळ-सीवूड्सच्या रस्त्यांवर पीतमोहराची झाडे भरपूर आहेत. मे महिन्यात त्यांच्या पिवळ्या पाकळ्या छताच्या घडीत आणि खाचांत जाऊन बसतात. मी जूनपूर्वी त्या हाताने व मऊ ब्रशने काढल्या आणि पुढेही दर आठवड्याला पाहत राहिलो. ओले छत कधीही उघडून घडी करून ठेवू नये, कारण आपल्या दमटपणात घडीच्या आत बुरशी धरायला वेळ लागत नाही. पावसात भिजलेल्या गाडीवर जलरोधक कव्हर घालणेही त्याच कारणाने टाळावे. छत धुताना प्रेशर जेट शिवणीजवळ नेऊ देऊ नये, आणि पावसाळ्याच्या आधी कापडावर पाणी झटकणारे द्रावण लावून घ्यावे.

या सगळ्यामुळे माझे ठाम म्हणणे असे की ज्यांना गाडी उघड्यावर, झाडाखाली किंवा रस्त्याकडेला लावावी लागते, त्यांनी कापडी छताची गाडी घेऊ नये. ऊन, पक्ष्यांची विष्ठा आणि खाडीकडची खारट हवा छताचे आयुष्य झपाट्याने कमी करतात.

केवळ आनंदासाठी घेतलेली गाडी अनेक दिवस उभी राहते. छताच्या यंत्रणेला वीज बरीच लागते, म्हणून ते इंजिन चालू ठेवूनच उघडावे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गाडी कमी निघते तेव्हा बॅटरीला मेंटेनन्स चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावावा. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट घेण्याची परवानगी आम्ही सोसायटीकडून गाडी येण्याआधीच घेतली होती.

वापरलेली गाडी पाहायला शक्य असेल तर जुलैमध्ये जावे. छत निदान तीन वेळा सलग उघडून मिटवून पाहावे आणि मध्ये ते अडते का, एका बाजूने मागे राहते का, याकडे लक्ष द्यावे. पायाखालच्या चटया उचलून गालिचा हाताने दाबावा, डिकीचा तळ उघडून वास घ्यावा, मागच्या काचेच्या आणि कापडाच्या जोडावर बोट फिरवावे. गाडी परराज्यातील असेल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कराचा आकडा हाती आल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नयेत, आणि विमा घेताना छताच्या कापडाचा खर्च कितपत मिळेल, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.