ड्रायव्हरमधले आकडे: मॅक्रो की ईनम?

कोडमधले उघडे आकडे काढून त्यांना नावं द्यायची हे ठरलं, पण सी भाषेत डिफाइनने मॅक्रो (आकड्याच्या जागी लिहायचं नाव) करायचा की ईनम (नावं दिलेल्या किमतींचा एक प्रकार) वापरायचा, इथे बरेच जण अडतात. वेगाचा प्रश्न बाजूला ठेवा. दोन्हींचा आकडा कंपाइल होतानाच ठरतो.

खरा फरक डिबगिंगमध्ये जाणवतो. मॅक्रोचं नाव प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी मजकूर बदलणारा टप्पा) पुसून टाकतो, म्हणून ड्रायव्हर कोणत्या अवस्थेत आहे हे बघायला गेलं, तर डिबगरमध्ये सहसा नुसता ३ दिसतो. व्हेरिएबल ईनम प्रकाराचं असेल तर तिथे अवस्थेचं नाव दिसतं. शिवाय स्विचमध्ये एखादी अवस्था राहिली आणि डिफॉल्ट लिहिलेलं नसेल, तर जीसीसी हा कंपाइलर -वॉल पर्यायासह इशारा देतो. हा इशारा मला फार मोलाचा वाटतो, कारण नवी अवस्था जोडणारा माणूस बहुतेक वेळा मूळ लेखक नसतो.

बिट मास्कमध्ये (रजिस्टर म्हणजे हार्डवेअरमधल्या छोट्या साठवणीतले ठरावीक बिट निवडणाऱ्या आकड्यात) मात्र ईनम अडखळतो. सी भाषेच्या सी२३ च्या आधीच्या स्टँडर्डमध्ये ईनमची किंमत इंट या पूर्णांक प्रकारात मावावी लागते. ३२ बिटांच्या रजिस्टरचा ३१ वा (शून्यापासून मोजला तर सगळ्यात वरचा) बिट नेमका तिथेच बाहेर पडतो. लिनक्स कर्नलमधले बिट आणि जेनमास्क हे मॅक्रो इथे सरळ कामाला येतात. असेंब्ली आणि डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या) फायलींनाही मॅक्रोच कळतात. ईनमचं नाव प्रीप्रोसेसरच्या इफ या अटीत लिहिलंत, तर तो ते शून्य धरतो, तेही गुपचूप.

रजिस्टरचे पत्ते, मास्क आणि शिफ्ट यांना मॅक्रो द्या. अवस्था, मोड, कमांडचे क्रमांक अशा एका कुटुंबातल्या किमतींना ईनम.